व्हर्नाच्या कपातला चहा

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल. टोर्नाडोनं आमच्या शेजारच्या व्हर्नाला खुर्चीसकट उचललं आणि वादळात लपायला माझ्या गॅरेजच्या जमिनीत पुरलेल्या लोखंडी खोलीत अलगद नेऊन ठेवलं. तिच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळलासुद्धा नाही!

आता चर्चच्या जेवणाला ताटं घेऊन बसलाच आहात, तर ऐका.

आपल्या ओक्लाहोमात शनिवारी दुपारी बाराला टोर्नाडोच्या इशाऱ्याच्या भोंग्याची चाचणी होते. लोक त्यावर घड्याळं लावतात, कुत्री सूर धरतात, जागचं कुणी हलत नाही. पण आभाळ बिघडलेलं असलं की चाचणी करतच नाहीत, हे नेमकं सगळे विसरतात. त्या शनिवारी आभाळ डबक्यासारखं हिरवं झालं होतं, आणि भोंगा वाजला.

मी डोक्यावर हेल्मेट घातलं, पायात जाड बूट चढवले. वादळ गेल्यावर फुटक्या काचांवरून चालायचं असतं. कुंपणापाशी जाऊन ओरडलो, "व्हर्ना, चल!"

ती ओसरीवर चहा पीत बसलेली. "बारा वाजले, लॉयल. चाचणी आहे."

"अगं, वर बघ तरी!"

तिनं वर बघितलं. मग कप मांडीवर धरून हळूच म्हणाली, "तू जा. मला उतरवण्यात दोघंही मरू."

"हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही रे, मोडकी कंबर आहे."

तेवढ्यात टोर्नाडोची सोंड आली! कोपऱ्यावरचं पेट्रोलपंपाचं छप्पर गिळलं, आमच्या गल्लीत वळली, व्हर्नाला अदबीनं उचललं, कुंपण ओलांडलं, माझ्या खोलीच्या पायऱ्या जपून उतरली आणि जाताना झाकणही लावून गेली. मी आपला खिशात हात घालून मागोमाग. नंतर वर येऊन पाहतो तर व्हर्नाचं घर नाही. ओसरीची पायरी तेवढी राहिलेली.

सगळे पोट धरून हसत होते. एवढ्यात मागच्या टेबलावर काठी आपटली.

"खोटारडा मेला!" व्हर्ना ओरडली. "कुठली सोंड आणि कुठली खुर्ची? ह्याच्या पाठीवर होते मी! पायरीवर गुडघा काडकन वाजला ह्याचा, तरी खाली टाकलं नाही मला. आणि चहा म्हणे हिंदकळला नाही! सगळा ह्याच्या मानेवर सांडला होता, चांगला कढत!"