डाव्या बटणाची कैफियत

मित्रांनो, अंतिम सामना आम्ही हरलो. तो सामना झालाच नव्हता असं आमच्या घरात ठरलं आहे, त्यामुळे तुम्हीही हे वाक्य वाचलेलं नाही.

मी एक जुना माउस आहे. संगणकाचा. शेपूट आहे, पण मांजर माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. कारखान्यात माझ्या अंगभर दिवे लावले आणि खोक्यावर छापलं, 'विजेसारखा चपळ'. दमायला मी तिथूनच सुरुवात केली.

माझी मालकीण म्हणजे घरातली थोरली ताई. ती एका संघातून नेमबाजीचे व्हिडिओ गेम खेळते. शत्रू दिसला की टिपायचा, एवढंच काम. पण अलीकडे तिचं बोट पापणी लवेल इतकं मागे पडायचं आणि तेवढ्यात ती मरायची. कप्तानाने बजावलं, "अंतिम सामन्यातही असंच झालं, तर तुझ्या जागी दुसरं कुणीतरी."

मग ताई सरावाला लागली. पडद्यावर लाल ठिपका उगवला की दाब. बघू नको, विचार करू नको, दाब. माझ्या बटणाचा रंग उडाला, एकेक दिवा विझला. जेवताना ताटात टोमॅटो दिसला तरी तिचं बोट हलायचं.

"आधी हात धू," आई म्हणायची, "मग कुणाला मारायचं ते मार."

सामन्यात शेवटी आमच्याकडचे दोघंच उरले, ताई आणि कप्तान. समोर एकच शत्रू. दार उघडलं. ताईने दाबलं. आयुष्यातला सर्वांत वेगवान नेम, बरोबर कपाळावर.

कप्तानाच्या.

"अगं, मी होतो!" हेडफोनमधून आवाज आला.

"दिसलं," ताई म्हणाली. "जरा उशिरा दिसलं."

उरलेल्या शत्रूने सावकाश येऊन तिला टिपलं. त्याला कसलीच घाई नव्हती.

"आता तुला संघात का ठेवू, तूच सांग," कप्तान म्हणाला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचा तळवा घामाने ओला झाला होता. "माउस बिघडलाय रे. बटण आपोआप दाबलं जातं."

"मग माउस बदल की, बाई!"

तिची जागा वाचली. मी खणात आलो, वाळलेल्या पेनांच्या शेजारी. फटीतून ऐकू येतं, नवा माउससुद्धा अधूनमधून 'आपोआप' दाबला जातो. बिचारा अजून दिव्यांनिशी आहे.

मित्रांनो, वस्तू जपा. निदान खापर फोडण्याआधी एकदा पुसून तरी घ्या.

सबब, माझ्या डाव्या बटणाची तज्ज्ञांमार्फत चौकशी होऊन ते निर्दोष असल्याचा सही-शिक्क्याचा दाखला, न झालेल्या सामन्याच्या तारखेसह, मला खणात पोहोच व्हावा, ही नम्र विनंती.