शिट्टी कुणाची होती?

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण परवाच एकाने मला साबणाची डबी समजून उघडलं आणि आत साबण नाही म्हणून तो माझ्यावरच नाराज झाला.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर एका गायिकेचं चित्र होतं. आपल्याला गाणी ऐकायला मिळणार, अशी माझी समजूत झाली. पण मला विकत घेतलं एका वर्तमानपत्रातल्या क्रीडा बातमीदार ताईंनी. पुढची कित्येक वर्षं मी फक्त धापा टाकणारी माणसं ऐकली. सामना संपला की ताई मला खेळाडूच्या तोंडासमोर धरायच्या. घाम, थुंकी आणि 'सगळं श्रेय संघाला' हे वाक्य, एवढ्यावर माझं पोट भरलं.

ताई सामना चालू असताना लिहीत नसत. लिहायला मान खाली घातली की नेमका तेव्हाच गोल होतो, असं त्यांचं म्हणणं. त्या मैदानावरची नजर न काढता माझ्याशी हळू आवाजात बोलत. बाकीचे पत्रकार चिडवायचे, "काय म्हणतंय बाळ? झोपलं का?"

तो दिवस फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा होता. बरोबरी चालू होती, थोडाच खेळ उरला होता आणि पत्रकारांच्या कक्षात चहा आला. तिथे एक पद्धत असते. आपलं लक्ष नसताना काही घडलं, तर शेजाऱ्याला विचारायचं. त्या दुपारी सगळेच शेजारी किटलीकडे तोंड करून उभे होते. एकदम आरडाओरडा झाला. सगळे वळले, तर चेंडू जाळ्यात आणि गोलरक्षक हात खाली सोडून उभा. उंचीमुळे त्याला सगळे 'खांब' म्हणत.

"कसा गेला हो?"

सर्वांत ज्येष्ठ पत्रकाराने बिस्कीट बुडवत निकाल दिला, "हललाच नाही. सामना विकलाय त्याने."

बिस्कीट तुटून कपात पडलं. ते चमच्याने काढेपर्यंत ही सगळ्या वर्तमानपत्रांची बातमी झालेली होती.

ताईंनी गोल पाहिला होता, पण त्यांनाही खांब नुसता उभा दिसला. खाली त्याच्या क्लबचे सचिव जाहीर सांगत होते, "उद्याचे पेपर येऊ देत. त्याने सामना विकला असं छापून आलं, तर पुन्हा आमच्या मैदानात पाय ठेवायचा नाही." म्हणजे खांबाचं सगळं आयुष्य आता चहा पिणाऱ्यांच्या हातात.

मैदानामागच्याच रस्त्यावर आमची कचेरी. तिथे संपादकांचा मथळा तयार होता: 'खांब विकला!'

"याच्याखाली बातमी लाव, पटकन," ते म्हणाले.

"त्याची बाजू घेतली का कोणी, सर?"

"चोराची कसली बाजू?"

"चोरी पाहिली कोणी?"

"सगळ्यांनी!"

"सगळे चहा पीत होते."

ताईंनी माझी टेप मागे फिरवली आणि मला चालू केलं. त्यांचा आवाज, प्रेक्षकांचा गलका, मग एक शिट्टी आणि त्यानंतर गोलाचा जल्लोष. ताई थबकल्या. रेफ्रीने शिट्टी वाजवली ती गोल झाल्यावर. मग ही आधीची कुणाची?

त्यांनी संपादकांना बोलावलं आणि नेमके माझे सेल बसले. मी कसाबसा रेटत होतो, पण आवाज जाड आणि लांबट निघत होता.

"ही शिट्टी आहे की म्हैस?" संपादकांनी विचारलं.

ताईंनी एक सेल भिंतीवरच्या घड्याळातून काढला, दुसरा टीव्हीच्या रिमोटमधून. घड्याळ थांबलं. पान छापायला सोडण्याची वेळ मात्र थांबली नाही. छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला.

ताईंनी खांबाला फोन लावला आणि मला फोनला चिकटवलं. शिट्टीचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

"तुम्ही का थांबलात?"

"काय उपयोग सांगून? तुम्ही लोकांनी ठरवलंय ना?"

"मी अजून ठरवलं नाही."

मग तो म्हणाला, "शिट्टी झाली. मला वाटलं, रेफ्रीने ऑफसाइड देऊन खेळ थांबवला. कुणाचीही असो, मी रेफ्रीकडे बघायला हवं होतं."

"जीव वाचवायला माणूस काहीही बोलेल," संपादक म्हणाले. शिट्टी रेफ्रीची नाही तर मैदानाबाहेरची असणार, असं म्हणत ताई मला घेऊन मैदानाकडे पळत सुटल्या.

गोलामागच्या भिंतीपलीकडे गाड्या लावून घेणारा माणूस उभा होता. त्याने ताईंकडे बघून कर्कश शिट्टी मारली. "मॅडम, गाडी मागे घ्या!"

"माझ्याकडे गाडी नाही."

"मग तुम्ही मागे व्हा."

ताईंनी शेवटच्या गोलाबद्दल विचारलं. "तो गलका व्हायच्या जरा आधी ना? एक बाई रिव्हर्स घेत भिंतीवर आदळणार होत्या. फुंकली जीव खाऊन." मग त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे कप मी घालवला?"

कचेरीत परत येऊन ताईंनी हे सांगितलं, तर संपादक खूश झाले. "वा! 'पार्किंगवाल्याने कप घालवला!'"

"सर, त्याने त्याचं काम केलं."

"मग दोषी कोण?"

"कोणीच नाही."

"अगं, 'कोणीच नाही' मथळ्यात बसत नाही!"

"सोडू का पान?" दारातून आवाज आला.

संपादकांनी मला पुन्हा ऐकलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने मथळा खोडला आणि लिहिलं: 'बाहेरच्या शिट्टीने गोलरक्षक थांबला.' 'रेफ्रीकडे बघायला हवं होतं' हे खांबाचं वाक्यही ताईंनी बातमीत ठेवलं.

"ते कशाला? त्याच्याच अंगाशी येईल."

"तेही त्यानेच म्हटलंय, सर."

सकाळी इतर सगळ्या वर्तमानपत्रांत सामना विकला गेला होता. फक्त आमच्यात शिट्टी वाजली होती. सचिवांनी ताईंना क्लबात बोलावलं. टेबलाच्या मधोमध मला ठेवलं. खांब भिंतीला टेकून उभा होता, गोल अडवायला उभा असावा तसा ताठ. मी शिट्टी ऐकवली.

"पुन्हा लावा," सचिव म्हणाले.

मी पुन्हा ऐकवली. सचिवांनी पेपरांचा गठ्ठा बाजूला सरकवला. "उद्या सरावाला ये. आणि यापुढे शिट्टी ऐकलीस की आधी मान वळव." खांब मटकन खुर्चीत बसला. इतर वर्तमानपत्रांचा खुलासा नंतर आला, हवामानाच्या खाली, मुंगीच्या अक्षरात.

आता ताई मोबाईलवर रेकॉर्ड करतात आणि मी खणात स्टेपलरशेजारी असतो. मित्रांनो, एकच विनंती आहे. चार जणांनी एखाद्याबद्दल तीच गोष्ट सांगितली, तर ती चौघांनी पाहिली की एकाने सांगून चौघांची झाली, हे विचारा. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याला आधी बोलू द्या. आणि माझ्यासारखं एखादं यंत्र हाताशी आलं, तर रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबा आणि मेहरबानी करून स्वतः थोडा वेळ गप्प बसा.