कोरडी भिंत

घराला ओल येते, म्हणून ते विकायचं, असं माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं. घर त्याच्या नावावर, राहते मी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो दुसऱ्या शहरात बढतीच्या मागे होता. आईचं हगणंमुतणं मी काढलं आणि जाताना तिनं घर केलं त्याच्या नावावर. मुलगा ना तो! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

ओल यायची ती आईच्याच खोलीत, खिडकीखाली. आता तिथं माझं शिलाई मशीन असतं. भिंतीला हात लावला की रंगाचे पोपडे हातात यायचे. गिऱ्हाइकांचे कपडे मी लांब कॉटवर ठेवायची.

"ताई, भिंत सडलीये," भाऊ म्हणाला. "किती दिवस ओढायचं हे घर?"

"कोरडी करून दाखवली तर?"

"मग कशाला विकेन? राहा की खुशाल."

सख्खा भाऊ. मी विश्वास ठेवला.

रंगारी आला तो थेट डब्यात ब्रश बुडवायलाच निघाला. पण बाहेरून खिडकीखाली काँक्रीटच्या पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि त्यांच्यामधल्या सांध्यांतल्या सिमेंटचा पार भुगा झाला होता. पाणी तिथूनच आत शिरायचं.

"आधी सांधे भरा," मी म्हटलं.

"वरून पुट्टी मारतो ना. रंग बसला की काही दिसत नाही, ताई."

"दिसण्याचं काय घेऊन बसलात? पाणी थांबायला हवं."

पालथ्या घड्यावर पाणी. त्याला म्हटलं, सांधे झाले की बोलावते, आणि स्वतःच शिडीवर चढले. पन्नाशी उलटलेली बाई शिडीवर बघून समोरच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतो! मी छिन्नीनं मेलेलं सिमेंट उकरलं, तारेच्या ब्रशनं धूळ काढली आणि सांधे आतपर्यंत सुकेस्तोवर पुढचं काम धरलं नाही. सांधे भरायला दुकानदार साध्या सिलिकॉनची नळी गळ्यात मारत होता. यावर रंग धरतो का, असं विचारल्यावर डोकं खाजवत आतून दुसरी नळी घेऊन आला. दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून एकेक सांधा भरला, बोटानं दाबून सारखा केला. शिवण घालतानाही मी इतकी जपत नाही. ते वाळल्यावर मग रंगाऱ्याला बोलावलं.

पाऊस लागला. भिंतीवर डाग नाही. मी रोज उठून तळहात टेकवून बघायची आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. कपडेही भिंतीला लावून ठेवायला लागले. भावाला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "वा ताई, कमाल केलीस!"

त्याच रविवारी धो-धो पावसात एका जोडप्याला घेऊन तो दारात हजर.

"नुसतं बघायला आलेत," माझ्याकडे न बघता म्हणाला.

ते दोघं आत गेल्यावर मी त्याला गाठलं. "तू शब्द दिला होतास."

"अगं, तेव्हा ओलीमुळे कोणी उभं राहत नव्हतं. आता येतायत तर नाही कशाला म्हणायचं? मुद्दाम पावसात आणलंय त्यांना, भिंत दाखवायला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात आईच्या खोलीतून त्या बाईनं विचारलं, "इथं ओल येते का हो?"

भाऊ तोंड उघडायच्या आत मी पुढे झाले. "येते. भयंकर येते. पावसाळ्यात इथं बसवत नाही."

बाईनं तळहात भिंतीला टेकवला, मी टेकवते तिथंच. मग भिंतीला लावून ठेवलेल्या कपड्यांच्या घड्या बघितल्या आणि हसली.

"ताईंचा जीव अडकलाय हो घरात," ती नवऱ्याला म्हणाली. "भिंत खडखडीत आहे." मग भावाकडे वळली. "काम कोणाकडून करून घेतलंत? हात चांगला आहे."

"होता एक ओळखीतला," भाऊ म्हणाला. "फुकटात मिळाला."

तिघंही हसले. मी कपडे उचलून कॉटवर नेऊन ठेवले. त्या रंगाऱ्याला नुसती पुट्टी मारू दिली असती, तर मला हे घर सोडावं लागलं नसतं.