उलट बाजूने शिवलेला रस्ता

मित्रांनो, मी एका मोठ्या बेटाचा जुना नकाशा आहे. आठ घड्या, पाठीला पांढरे सुती कापड आणि अंगभर फिरणारा लाल दोरा, ही माझी ओळख. नकाशाच्या अंगावर दोरा कशाला, असे तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचे आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. आधी समुद्राचा निळा रंग चढला, मग डोंगरांचा तपकिरी, आणि शेवटी बेटाच्या कडेकडेने जाणारा वळणावळणाचा रस्ता. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पाठीला खळीने कापड चिकटवले आणि म्हणाला, "आता कितीही उघडझाप होऊ दे, फाटायचा नाही." मी फुशारून गेलो. दुकानाच्या काचेत ऐटीत बसलो खरा, पण दोन वर्षे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

शेवटी मला घेतले ते एका बसच्या ड्रायव्हरने. गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. काकू घरातच पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवत. लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. काकूंची एकच हौस होती, समुद्र बघत बेटाला पूर्ण फेरी मारायची, आणि तीही काकांच्या शेजारी बसून.

"बसमध्ये मी नेहमी तुमच्या मागे. एकदा तरी शेजारी बसू द्या की," त्या म्हणत.

रविवारी दुपारी कापडाचे तुकडे बाजूला सारून मला टेबलावर पसरले जाई. काकू रस्त्याच्या प्रत्येक वळणावर दोरा बसवत आणि मग तो सरळ करून अंतर मोजत. घाट कुठे, मुक्काम कुठे, यावर दोघांची गोड भांडणे होत. एका गोष्टीवर मात्र पहिल्या दिवसापासून एकमत होते. धक्क्यावर उतरले की घड्याळाच्या काट्यासारखे फिरायचे, म्हणजे समुद्र सतत डावीकडे, काकूंच्या खिडकीत राहील.

मग मुलगी झाली. तिचे दुखणेखुपणे, तिची शाळा, काकांच्या न मिळणाऱ्या सुट्ट्या. मी खणात गेलो, बटणांच्या डब्याखाली. तिथे सव्वीस वर्षे काढली. कसरीने माझ्या कोपऱ्यातले एक अख्खे गाव खाल्ले. नशीब, ते आमच्या वाटेवर नव्हते! खण उघडला की मी आशेने बघत असे, पण हात यायचा तो बटणांसाठी. फार वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू.

एके दिवशी काकूंना सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी तपासले आणि हळूच सांगितले, "नजर जाणार आहे. फार तर वर्षभर. जे बघायचं ते बघून घ्या."

त्याच संध्याकाळी काकांनी मला बाहेर काढले. 

मुलगी आता नर्स झाली होती. ती म्हणाली, "बाबा, मोबाईलवर दिसतो की सगळा रस्ता."

"मोबाईल बोटांना लागत नाही गं," काकू म्हणाल्या. "मी हा रस्ता शिवून घेते."

काकांनी रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टाचणीने भोक पाडले. काकूंनी मला पालथे घातले आणि त्या भोकांतून लाल दोरा ओढत नेला. पहिल्या मुक्कामाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, अशा सहा मुक्कामांच्या गाठी घातल्या. त्या बोटांनी गाठी मोजत, काका मला उलटून गावाचे नाव वाचत आणि खोली ठरवून टाकत.  काय चुकतेय ते मला दिसत होते, पण नकाशाला बोलता कुठे येते?

मुलीची गाडी घेऊन दोघे बोटीने बेटावर उतरले. काकू ऐटीत शेजारी बसल्या. पहिल्या गावाच्या पाटीवरचा बाण बघून काकांनी गाडी वळवली. दहा मिनिटांत समुद्र आला, पण उजवीकडे! काकूंच्या खिडकीत नुसता डोंगर.

"हा इकडे कसा काय आला?" काका म्हणाले, जसा काही समुद्रच वाट चुकला होता.

काकूंनी मला मांडीवर घेतले, गाठी चाचपल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, माझंच चुकलं. कापड पालथं घालून शिवायची सवय. काट्यासारखंच फिरवलं हो मी, पण उलट बाजूने. डावं ते उजवं झालं."

सुट्टीचे दिवस होते. सगळीकडे खोल्या भरलेल्या, आता क्रम बदलणे शक्य नव्हते. काकू खिडकीकडे तोंड करून रडू लागल्या.

काकांनी गाडी बाजूला घेतली, उतरून मागचे दार उघडले. "ये, माझ्या मागे बस."

"मला शेजारी बसायचं होतं."

"शेजारी बसलीस तर डोंगर बघशील. समुद्र इकडे आहे."

त्या मागे जाऊन बसल्या. सगळी काच निळी झाली होती. काकांनी समोरचा छोटा आरसा थोडा वळवला.  तेवढ्यात मागून आवाज आला, "टिंग टिंग! सोडा गाडी!"

काका इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

सात दिवस आम्ही फिरलो. काकूंना लांबची होडी दिसत नव्हती, पण पाण्यावरचे ऊन दिसत होते, रंग दिसत होते. गाठ बोटाला लागली की त्या कंडक्टरसारखे गावाचे नाव पुकारत.

आता काकूंना काहीच दिसत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा बेत माझ्यासारखा घडी घालून ठेवलेला असेल. त्याला बटणांच्या डब्याखाली सव्वीस वर्षे ठेवू नका. आणि नकाशा मिटताना त्याच्या जुन्या घड्यांवरच मिटा, आम्हाला दुखते.

मी मात्र आता खणात नसतो. दर रविवारी टेबलावर पालथा पसरलेला असतो. काकू दोऱ्यावरून बोट फिरवतात आणि एखाद्या वळणावर थांबून विचारतात, "इथे काय होतं हो?"

काका इकडेतिकडे बघत गाडी चालवणारे नव्हेतच. रस्ता सोडून त्यांनी बघितला असेल तर तो फक्त आरसा.

"इथे ना," ते म्हणतात, "इथे तू हसली होतीस."