डोळे आखलेले गणपती

हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना होता तेव्हा माघ सरला की घरभर शाडूचा ओला वास असे. तो वास मला अजून येतो. माती मी मळायची, मूर्ती आमचे हे घडवायचे. डोळे मात्र गिऱ्हाईक नक्की झाल्यावरच आखत. बिनडोळ्यांची मूर्ती भिजत घातली की परत माती होते. डोळे आखले की तो देव, मग मोडायचा नाही. सासऱ्यांची शिस्तच तशी.

रोह्याला तेव्हा कंपन्या नुकत्या आल्या होत्या. तिथले दुकानदार हैबतराव यांना एका चतुर्थीला पाच-सहा मूर्ती कमी पडल्या, माणसं दारातून परत गेली. त्या धसक्याने पुढच्या साली त्यांनी दुप्पट मागणी केली. आमचा माल तिकडे धाडणारे पेणचे गुणाजीशेठ. त्यांनी त्यात आपली भर घातली आणि आमच्या ओटीवर येऊन बसले.

"हिरामणा, रोह्याला गणपतीचं याड लागलंय. यंदा तिप्पट कर."

मी आतून म्हटलं, "रोह्यात घरंपण तिप्पट झाली काय?"

"हिला शिरगणतीला धाड रे," शेठ हसले.

हेही हसले. "गप गो शांते. मागणारा मागतोय, आपण कशाला नाय म्हणायचं?"

फुटतूट धरून यांनी तिपटीच्याही वर घडवल्या. ऐनवेळी धावपळ नको म्हणून सगळ्यांचे डोळे आधीच आखून टाकले.

चतुर्थी तोंडावर आली तरी शेठनी निम्मा माल उचललाच नाही. शेठ म्हणाले, "हैबतरावांनी दुसऱ्या कारखान्यातपण सांगून ठेवलेलं. माझीपण वखार भरलीय. ठेव, पुढच्या साली जातील."

पुढच्या साली मागणीच आली नाही. रोह्याला शिल्लक, पेणला शिल्लक. आमच्याकडे नवी माती आणायला पैसा नाही, आणि घरातली सगळी माती देव होऊन माळ्यावर बसलेली. शेवटी हे रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला लागले. "एका सालाची गोष्ट हाय," म्हणाले. पावसाच्या ओलीने माळ्यावर कुणाची बोटं गळली, कुणाचा कान.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हैबतराव स्वतः टेम्पो घेऊन दारात.

"वहिनी, माझा नि शेठचा, दोघांचाही शिल्लक माल ओलीने गेला. लोक खोळंबलेत. असतील ते द्या."

मी शिडी लावून दिली. ते वर डोकावले आणि कपाळाला हात लावून उतरले. "सगळे खंडित! हिरामण कुठंय?"

"तुमच्याच गावात. शिफ्टला."

जाताना म्हणाले, "पुढच्या सालचे चौपट आताच सांगून ठेवतो."

हे घरी आल्यावर मी निरोप दिला. यांनी कोनाड्यातला कुंचला काढला. कंपनीतल्या रसायनाने बोटांची सालं निघाली होती, कुंचला धरवेना. परत ठेवला.

"नाय म्हणून सांग."

अनंत चतुर्दशीला गावाचं विसर्जन उरकल्यावर आम्ही आमची बैलगाडी खाडीवर नेली. न पुजलेले देव एकेक करून सोडले. आरती कुणालाच सुचली नाही.