विहीणबाईंना मेस्कीता दाखवली

फुएनसांताने विहीणबाईंना स्टेशनवरून सरळ मेस्कीतेत नेलं. जेवणबिवण नंतर. नातीचा बाप्तिस्मा कोर्दोबात करायचा की सेव्हिलात, यावरून महिनाभर फोनवर नुसती जुंपली होती. शेवटी रेयेसबाई म्हणाल्या होत्या, "दाखवा तरी तुमचं ते कौतुक. पटलं तर तिथे, नाहीतर पोर आमच्या सेव्हिलला."

मेस्कीता म्हणजे मशीद. तिचं कॅथेड्रल होऊन शतकं लोटली, आत रोज मिस्सेची प्रार्थना होते, तरी कोर्दोबाची माणसं "मेस्कीतेत मिस्साला चाललो" असंच म्हणणार. फुएनसांताचं लग्नसुद्धा इथलंच.

आत खांबच खांब, वर लाल-पांढऱ्या कमानी. रेयेसबाईंची मान वर गेली ती खाली येईना. फुएनसांताला आतून उकळ्या फुटल्या.

"बरी आहे," रेयेसबाई म्हणाल्या. "आमच्या सेव्हिलच्या कॅथेड्रलचा मनोराही मशिदीचाच आहे हो."

"मनोराच ना? आणि मशीद कुठाय? पाडलीत! आम्ही नाही पाडू दिली."

रेयेसबाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. चालता चालता मधोमध आल्या आणि थबकल्या. तिथे खांबांची रांग तोडून कॅथेड्रलचा गाभारा उभा होता, छत फोडून पार वर गेलेला.

"अगं बाई! मग हे काय आभाळातून पडलं?"

फुएनसांताचा चेहरा खर्रकन उतरला. नेमकं वर्मावर बोट. बाप्तिस्मा गेला हातचा, तिला वाटलं. पण खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"मधलं पाडलं. पाचशे वर्षांपूर्वी. पण आमच्या नगरसभेने दवंडी पिटली होती, इथला दगड जो हलवेल त्याला मृत्युदंड! बिशपला मधोमध कॅथेड्रल हवंच होतं, तो हटेना, आणि राजाने त्याचीच री ओढली. मेल्याने ही जागा डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती! हरलो आम्ही. पण बाकीची राखली, विहीणबाई. मला अभिमान आहे तिचा, जा!"

आवाज असा चढला की बाकांवरची माणसं वळून बघू लागली.

"पाचशे वर्षं झाली, आणि तुम्ही अजून भांडताय?"

"भांडणारच! आमची आहे ती."

रेयेसबाईंनी पर्समधून फोन काढून मुलाला लावला.

"एलोय, बाप्तिस्मा इथेच करायचा. अरे, मशीद राहू दे बाजूला. पोरीने या आजीची एवढी जिद्द जरी घेतली ना, तरी पुरे."