बोलण्याची बेरीज

आमच्या राघवला वाटतं, आईला कॉम्प्युटर येत नाही. अरे बाबा, तू दहावीला काठावर पास होत होतास तेव्हा मी अख्ख्या शाळेचा निकाल एक्सेलमध्ये लावत होते! दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवलंय मी. टक्के, सरासरी, सगळी सूत्रं माझ्या हातची असायची. त्यामुळे हे आजारी पडले तेव्हा ह्यांची शीट मीच केली, कुणाला विचारायला गेले नाही.

हे म्हणजे सुधाकर, माझे यजमान. करोलबागेत लहानाचे मोठे झाले, आयुष्यभर सरकारी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घरचा रस्ता, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, हा आजार मागे फिरत नाही, फक्त लक्ष ठेवायचं. मग राघव आम्हाला गुडगावला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला.

लक्ष ठेवायचं म्हणजे नीटच ठेवायचं, अर्धवट काम मला जमत नाही. पाणी किती प्यायले, औषध कोणतं घेतलं, झोप किती झाली, रक्तदाब किती, सगळे रकाने केले. आकडा टाकला की खाली बेरीज आपोआप व्हायची. आणि शेवटी दोन रकाने, एक मराठी आणि एक हिंदी.

ते दोन कशाला, ते सांगते. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, हा माझ्या सासूबाईंनी घातलेला शिरस्ता. हे जन्मले दिल्लीत, पण घरच्या माणसाशी कधी हिंदीत बोलले नाहीत. अपवाद एकच, माझी चेष्टा. "मास्टरनीजी, चाय मिलेगी?" असं म्हणून डोळे मिचकावायचे. बाकी परक्याशी हिंदी आणि आपल्याशी मराठी. त्यामुळे हे कोणत्या भाषेत बोलतायत त्यावरून मला कळायचं, समोरचं माणूस ह्यांना आपलं वाटतंय की परकं. माझ्याशी, राघवशी मराठीत बोलले की मराठीच्या रकान्यात एक टाकायचा, हिंदीत बोलले की हिंदीच्या. त्या रकान्यांशेजारच्या चौकोनात मराठीचे टक्के निघायचे. ते हळूहळू उतरत होते, पण उतरतायत हे निदान मला दिसत तरी होतं.

मग दिवसभरासाठी धीरजला ठेवलं. बिहारकडचा, मोठा मायाळू मुलगा. ह्यांना आंघोळ घालायचा, भरवायचा, कधी कंटाळला नाही. फक्त एकदा त्यानं पाण्याचा आकडा नेमका बेरजेच्या घरात लिहिला, सूत्र पुसलं गेलं आणि सगळी शीट कोलमडली. राघवला निमित्तच हवं होतं.

"आई, ही शीट त्याला झेपणार नाही. मी याचा फॉर्म करून देतो. फोनवर उघडायचा, बटणं दाबायची, झालं. हिशेब आतल्या आत होईल, सूत्रं कुणाच्या हाताला लागणारच नाहीत. आणि ताईलाही रोज संध्याकाळी आपोआप रिपोर्ट जाईल."

ताई म्हणजे आमची रेवती, पुण्याला असते. तिच्या अथर्वचं बोर्डाचं वर्ष. दर फोनला एकच पालुपद, "आई, याची परीक्षा झाली ना, की लगेच येते." ह्यांच्याशी फोनवर बोलायची सोय नव्हती. फोन हातात दिला की हे तो उलटासुलटा करून बघायचे आणि टेबलावर ठेवून द्यायचे.

फॉर्म छान झाला होता, खोटं कशाला बोलू? मोठाली अक्षरं, हिंदीतून प्रश्न, पाण्याच्या पेल्याचं चित्र. धीरज तर खूशच झाला. मी खालपर्यंत बघितला आणि विचारलं, "माझे दोन रकाने कुठे गेले?"

"आई, धीरजला मराठी कुठे कळतं? तो कसं ओळखणार?"

"अरे, कळलं तर हिंदी, नाही कळलं तर मराठी! एवढं तर कळेल त्याला?"

"बाबा पुटपुटतात तेही त्याला कळत नाही. ते पण मराठीत टाकेल. दोन्ही मिळून बोलणंच ना? मग एकच प्रश्न ठेवलाय. 'अंकल ने आज कितनी बातें कीं?' कम, ठीक, बहुत. बस."

"राघव, दोन्हीची बेरीज केलीस की मला हवं ते त्यातून जातं. बेरीज तीच राहील, आतलं बदलेल."

"यार आई, प्लीज. माझा कॉल आहे." आणि कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून गेला आत. आईला यार म्हणतो! मीही चिडले आणि माझी शीट भरायचीच बंद केली. करा म्हटलं, तुम्हाला काय करायचं ते. नंतर राग गेला, पण तोवर मराठीच्या रकान्यात टाकण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, आणि मला ती शीट उघडायचा धीर होईना.

फॉर्ममध्ये रोज 'बहुत' यायचं. धीरजची त्यात काही लबाडी नव्हती, हे खरंच खूप बोलायचे. त्याला ऑफिसातल्या गोष्टी सांगायचे, त्याच्या गावाकडचा पाऊस विचारायचे. अगदी अस्खलित हिंदी, अदबीनं. मी जवळ गेले की तेवढ्याच अदबीनं माझ्याशी.

रेवतीचा फोन आला. "आई, बाबा किती छान बोलतायत गं! रिपोर्टमध्ये रोज हिरवी पट्टी येते. मला इतकं बरं वाटतं ना बघून."

"अगं, हिंदीत बोलतात. काल मला बहनजी म्हणाले."

ती खळखळून हसली. "मास्टरनीजीची बहनजी झालीस होय? चेष्टा करत असतील तुझी."

"चेष्टा नाही गं बाई. तू ये. परीक्षा होत राहील, तू ये."

"आई, तू ना, उगाच घाबरवतेस."

तिचंही खरं होतं. मागे एकदा ह्यांची उचकी थांबेना म्हणून मी तिला विमानानं बोलावून घेतलं होतं. ती धापा टाकत आली तेव्हा हे आरामात साबुदाण्याची खिचडी खात बसले होते. तेव्हापासून माझ्या शब्दाला या घरात पत नाही. मला एवढंच हवं होतं, की हे तिला ओळखतायत, 'रेवा' अशी हाक मारतायत, तोवर तिनं एकदा समोर येऊन बसावं. दुपारी झोपेतून उठले की अधूनमधून विचारायचे, "रेवा कुठंय?" मी म्हणायचे, "येतेय, मुलाची परीक्षा झाली की." मग तेही विचारेनासे झाले. राघवला सांगितलं तर म्हणाला, "रिपोर्ट तर चांगला आहे की." किती वेळा तेच तेच सांगायचं?

परीक्षा संपली आणि रेवती आली. हे बाल्कनीत उन्हाला बसले होते. ही बॅग दारातच टाकून धावत गेली, "बाबा!"

ह्यांनी दोन्ही हात जोडले. "नमस्ते जी. आइए, बैठिए."

रेवती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, चेष्टा चाललीय. तीही अगदी थाटात खुर्ची ओढून बसली. "शुक्रिया जी. और घर में कौन-कौन हैं आपके?"

मला तिला थांबवायचं होतं. पण हे बोलायला लागलेही.

"एक बेटा है, यहीं नौकरी करता है," हे म्हणाले. "और एक बेटी है, पूना में. रेवा."

कितीतरी आठवड्यांनी ते नाव ह्यांच्या तोंडी आलं. रेवतीचा चेहरा उजळला, ती पुढे सरकली.

"आएगी," हे तिला समजावल्यासारखं म्हणाले. "बच्चे का इम्तिहान है ना. हो जाए, तो आएगी."

तिचं हसू तिथंच गेलं. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. देवाशपथ सांगते, इतके दिवस मनात साठवलं होतं, की आली की चांगली खडसावीन, सांगत होते ना मी म्हणून. पण तिचा तो चेहरा बघितला आणि सगळं गिळलं. माझी पोर ती. कुठल्या तोंडानं बोलू?

ती खुर्चीवरून उठून खाली ह्यांच्या पायाशी बसली, ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाबा, मीच रेवा. आले मी. बघा ना माझ्याकडे."

ह्यांचे डोळे एकदम चमकले. मला वाटलं, लागली ओळख! मी दाराची चौकट घट्ट धरली.

"अरे वाह!" हे म्हणाले. "आपको मराठी आती है?"

हे खूश होऊन तिच्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत होते.

"कहाँ सीखी?"

तिनं ओठ चावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मग ती ह्यांच्याशी हिंदीतच बोलली. "जी... पिताजी ने सिखाई."

"बहुत अच्छी सिखाई है." ह्यांनी तिच्या हातावर थोपटलं, परक्याच्या मुलीला थोपटावं तसं, जपून. "मेरी रेवा आए, तो उससे जरूर मिलिए. दोनों बैठकर खूब मराठी में बातें करना."

"जी," रेवती म्हणाली. "जरूर."